साडेसहा फुटांची खिडकी

४ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या आईनं ते दोनदा वाचलं. एकदा स्वतःशी, स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून. मग मला ऐकू येईल असं, दुकानात. दुसऱ्या वेळी ते थोडं आखूड झालं असावं असा मला संशय आहे, पण सोडून देते. मला अक्षर येत नाही म्हणून लोकांना वाटतं की मला कानही नाहीत.

हे उत्तरही तुझी आईच लिहिते आहे. दुसरं कोण लिहिणार? लिहून झालं की आपले शिवणारे मास्तर मला वाचून दाखवतील, म्हणजे मी बोलले तेवढंच कागदावर उतरलं की नाही ते कळेल. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं आणि मी ऐकायचं, हा या दुकानाचा कायदा. चाळीस वर्षांत मला कापडवाल्यानं, पडद्यांच्या दांडेवाल्यानं, कुणीही फसवलं नाही ते याच्यामुळे. कायदा तुला ठाऊक आहे. तूच तो मोडलास.

तू लिहितेस की एका मोठ्या कंपनीत तुझं जवळजवळ ठरलं आहे. काम काय, तर लोकांची माहिती सांभाळायची. हे ऐकून मी इतकी हसले की मास्तरांनी मशीन थांबवून वर बघितलं. कात्रीला कापडाची राखण करायला ठेवतात का कुणी? आणि पुढं लिहितेस की तू चार वर्षं या दुकानात काम केलंस, म्हणून तिथून वीस तारखेला फोन येईल, मुलगी भरवशाची आहे का असं विचारतील, तेव्हा आजी, एवढं एक कर. म्हणजे तुझी नोकरी माझ्या जिभेवर आली म्हण की. चांगल्या ठिकाणी आली.

तुला विसरणं सोयीचं असेल, मला नाही. जानेवारीत दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन आला. पडद्यांच्या दुकानातून बोलतोय. तुमच्या झोपायच्या खोलीची खिडकी पाच बाय चार, गच्चीचं दार सात फूट, मागच्या वेळी कापड निळं, अस्तर पांढरं. तेच कापड परत आलंय, निम्मे पैसे आज पाठवलेत तर भाव जुनाच लावू. आता जो माणूस तुमच्या खिडकीचं माप बिनचूक सांगतो तो दुकानाचा नसेल असं कोण म्हणेल? बाईंनी पैसे पाठवले. मग गाणं शिकवणाऱ्या सरांनी पाठवले. मग त्या रिटायर झालेल्या मुख्याध्यापकांनी, ज्यांनी आयुष्यभर पोरांना कुणावर विश्वास ठेवू नका म्हणून सांगितलं. तिघं एका आठवड्यात माझ्यासमोर उभे राहिले आणि आमचे पडदे कुठे आहेत म्हणाले.

भिंगरे, लोक मला घराची किल्ली देऊन कामाला जातात. आजी, आम्ही नसू, तुम्ही पडदे लावून कुलूप घालून जा, म्हणतात. हे दुकान कापडावर चालत नाही, त्या किल्ल्यांवर चालतं. त्या आठवड्यापासून एकानंही मला किल्ली दिलेली नाही. सुट्टी काढून घरी थांबतात आणि मास्तर शिडीवर असले की खाली उभे राहतात.

मग मापं गेली कुठून? मापवही माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. आणि दुसरी जागा म्हणजे तुझं ते कॉम्प्युटरचं मशीन, ज्यात नोव्हेंबरात तू सगळी वही उतरवलीस. त्याला कुलूप आहे आणि कुलपाचा शब्द फक्त मला ठाऊक, असं तूच छाती फुगवून सांगितलंस. मग ज्याच्यापाशी किल्ली त्यालाच विचारणार ना? तू म्हणालीस, मी नाही. मी म्हटलं, मग मशीनला काय पाय फुटले? चोर घरातच आहे म्हटलं. दुकानात गिऱ्हाइकं होती, असू देत. घरात एक आणि दुकानात एक बोलायची मला सवय नाही. तू पिशवी उचललीस ती थेट स्टेशन गाठलंस. जो खरा असतो तो असा पळतो का?

पोलीस चौकीत मी तुझंच नाव दिलं. तिथल्या कारकुनानं लिहिलं आणि त्यानंच वाचलं, हे आपल्या कायद्यात बसत नाही, पण चौकीला कोण शिकवणार? मी अंगठा उठवला. मशीन त्यांनी जमा करून घेतलं.

इथं तुझ्या आईचं पेन थांबलं आहे. लिही, सूनबाई. तू आई आहेस हे मला माहीत आहे, पण आत्ता पेन आहेस.

तू गेल्यापासून मी पाच वाजताचं वाचन परत सुरू केलं आहे. दिवसभराची कामं मास्तर मोठ्यानं वाचतात: नाव, पत्ता, फोन, खोली, खिडकी, तारीख. तुझ्या मशीननं ते बंद पाडलं होतं. आता माझ्या डोक्यात सगळं पुन्हा जागच्या जागी आहे.

परकी माणसं बरी म्हणायची वेळ आणलीस. बँकेतला एक माणूस डिसेंबरापासून रोज फोन करतो. खात्याची तपासणी चालू आहे म्हणे. आजी, जेवलात का, आजी, गुडघा कसा आहे. तुला चार वर्षांत माझा कुठला गुडघा दुखतो ते सांगता आलं नाही. डावा.

तर तो फोन आला की मी खरं तेच सांगेन. तिकडे थंडी असेल, कान झाकून हिंड.

आजी

मास्तरांनी वाचून दाखवलं. शेवटी एक ओळ जास्त होती, मी तुझ्या बाजूनं आहे, अशी. मी ती खोडायला लावली. तुझ्या आईनं ती अगदी हलक्या हातानं खोडली असणार, तुला वाचता येईल.


२२ मार्च

भिंगरी,

तुझ्या कंपनीचा फोन आला. साहेब येईल वाटलं होतं, बाई निघाली. आवाजावरून इस्त्री केलेली. मुलगी कामाला कशी आहे? मी म्हटलं, हुशार आहे, दोन भाषांत उलट उत्तरं देते. भरवशाची आहे का? मी म्हटलं, बाई, माझ्या दुकानाची माहिती बाहेर गेली, माझ्या गिऱ्हाइकांचे पैसे बुडाले आणि चौकीत तिचं नाव आहे, यात काय ते समजून घ्या. ती म्हणाली, ठीक आहे, आभारी आहे. एवढ्यात संपलं. खरं बोलल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. मला त्या दिवशी चहासुद्धा गोड लागला नाही. साखर तुझी आईच कमी घालते, त्याचा याच्याशी संबंध नाही.

आता पुढचं ऐक, म्हणजे तुझे उद्योग आम्हाला कळत नाहीत असं वाटायला नको.

काल पाळणाघरवाली बाई दुकानात आली. नवं गिऱ्हाईक, मंगळवारीच मास्तर तिच्याकडे माप घेऊन आले होते. आली ती भांडतच. म्हणाली, तुमचा माणूस फोनवर निम्मे पैसे आधी मागतो. मी त्याला म्हटलं, बैठकीच्या खोलीची खिडकी केवढी आहे सांग, तर म्हणतो साडेसहा. माझी खिडकी साडेपाच फूट आहे, मी स्वतः मोजली आहे. ज्यांना धड टेप धरता येत नाही त्यांना मी पैसे देऊ? मास्तर म्हणाले, बाई, आम्ही फोन केलाच नाही. ती म्हणाली, मग काय खिडकीनं केला?

म्हणजे तिकडे बसूनही तुझा धंदा चालूच आहे, भिंगरे. चौथं घर! तुला लाज

(इथपासून अक्षर मास्तरांचं आहे. चुका पोटात घालणे. आजी म्हणतात हे पण लिहा.)

तुझ्या आईनं पेन टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे आपटलं नाही, तुझी आई काही आपटत नाही, नीट टोपण लावून ठेवलं. तेच जास्त लागतं.

"आई, हे मी लिहिणार नाही."

"का? हात दुखला?"

"मंगळवारचं माप आहे हे. तिला जाऊन सहा आठवडे झाले. मशीन चौकीत पडलंय. तिला हे माप कळेल कसं, ते मला सांगा, मग मी लिहिते."

मी म्हटलं, चोराला वाटा सापडतात. ती म्हणाली, सापडतात ना, मग शोधा. आणि आत गेली. पंचवीस वर्षांत ही सून माझ्या समोरून बोलणं अर्धवट टाकून उठली नव्हती. आज उठली. मुलगा गेला तेव्हा आम्ही दोघींनी हे दुकान खांद्यावर घेतलं, तेव्हाही रडायला मागच्या खोलीत गेली होती ती मला विचारून गेली होती.

म्हणून पेन मास्तरांकडे आलं. आणि मास्तरांनी पेन हातात घेऊन पहिली गोष्ट काय केली, तर कबुली दिली. मंगळवारी पाच वाजता वाचताना त्यांच्या नाकावर चष्मा नव्हता. वहीत त्यांनीच साडेपाच लिहिलं होतं आणि वाचताना साडेसहा वाचलं. दुसऱ्या दिवशी कापड कापायच्या आधी वही बघितली तेव्हा चूक कळली. मला सांगितली नाही, कारण मी ती वर्षभर उगाळली असती. उगाळली असतीच.

आता बघ. खिडकीवर साडेपाच. वहीत साडेपाच. साडेसहा हे माप या जगात एकदाच निघालं, मंगळवारी पाच वाजता, मास्तरांच्या तोंडून, या कापायच्या टेबलाशी. मी मास्तरांना विचारलं, तेव्हा इथं कोण कोण होतं? ते म्हणाले, मी, सूनबाई आणि तुम्ही.

मग टेबलाकडे बघून म्हणाले, "आणि तुमचा फोन, आजी. चालू होता."

आज इतकंच पुरे. मास्तरांचा हात भरून आला आहे.

आजी


२ एप्रिल

भिंगरी,

सूनबाई परत लिहायला बसली आहे. एका अटीवर. मी जे सांगेन त्यात तुला शिवी नसेल, ही अट. मी म्हटलं, मग पत्र फार छोटं होईल. हसली नाही.

फोनचं सांगते. तो बँकेतला माणूस पाचच्या सुमारास फोन करायचा. दोन शब्द बोलायचा आणि म्हणायचा, आजी, आता आमच्याकडून तपासणी चालू होतेय, फोन बंद करू नका, नुसता टेबलावर ठेवा, पंधरा मिनिटांत होईल. मी ठेवायचे. आपलं वाचन चालू असायचं. टेबलावर फोन राहतो कधी कधी, त्यात काय एवढं. मी त्याला खात्याचा नंबर दिला नाही, तो पासवर्ड का काय असतो तो दिला नाही, त्यानं मागितलाही नाही. मी काय खुळी आहे पैशाचं सांगायला? उलट त्यानं मागितला नाही म्हणून तर मला तो सज्जन वाटला.

पण खात्री करायची होती. अंगठा एकदा फुकट गेला होता, दुसऱ्यांदा घालवायचा नव्हता. आपल्या शेजारी घड्याळवाला बसतो, आठवतो ना, एका कानानं बहिरा? त्याच्या टपरीला खिडकीच नाही, नुसतं शटर. त्याला विचारून मी त्याचा फोन नंबर घेतला. गेल्या गुरुवारी पाच वाजता फोन टेबलावर तसाच चालू ठेवला आणि मास्तरांनी चष्मा लावून वाचलं: घड्याळवाले, त्यांचा फोन नंबर, खिडकी एक, रुंदी अकरा फूट, जांभळी मखमल, सोनेरी झालर. तुझ्या आईनं तोंडात रुमाल कोंबला होता.

शुक्रवारी बाराला घड्याळवाल्याला फोन. पडद्यांच्या दुकानातून बोलतोय, तुमची अकरा फुटांची जांभळी मखमल. म्हातारा रंगात आला. म्हणाला, झालर दुहेरी लावा, पैशाची काळजी करू नका, आणि जरा मोठ्यानं बोला, हा माझा बहिरा कान आहे. वीस मिनिटं खेळवला त्यानं त्याला. दुकान बंद करून मला सांगायला आला तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं. मला हसू आलं नाही. मी पाच वाजायची वाट बघत बसले.

पाच वाजता फोन आला. आजी, गुडघा कसा आहे?

मी आयुष्यात पुष्कळ जणांना पुष्कळ बोलले आहे. त्या दिवशी जे बोलले ते तुझी आई लिहायला तयार नाही, आणि मास्तरांना त्यातल्या निम्म्या शब्दांची अक्षरं येत नाहीत. तुझ्या आईबापानं तुला गुडघ्याची चौकशी करायला शिकवलं ते चोरी करायला का, इथून सुरू केलं. माझ्या घरातलं माणूस माझ्या तोंडानं मी घालवलं तुझ्यापायी, हेही म्हटलं. तो ऐकत राहिला. चिडला नाही, फोन कापला नाही. मी धाप लागून थांबले तेव्हा त्याच मऊ आवाजात म्हणाला,

"आजी, मी कुठं काय चोरलं? तुम्हीच तर सांगत होतात."

मग ठेवला. त्यानंतर तो नंबर लागत नाही.

बँकेत जाऊन आले. तिथल्या बाई म्हणाल्या, आमच्याकडून असं रोज कुणी फोन करत नसतं, आजी. काचेमागं बसून सांगायला काय जातं. हे त्यांनी डिसेंबरात पाटीवर लिहिलं होतं म्हणे. मी म्हटलं, बाई, पाटी वाचता आली असती तर मी तुमच्या खुर्चीत बसले असते.

चौकीत तीन खेपा झाल्या. कारकून म्हणाला, दिलेला अंगठा असा परत घेता येत नाही. मी म्हटलं, मग नवा घे, बोटं दहा आहेत. तिसऱ्या खेपेला साहेबांनी ऐकलं. नवा जबाब झाला. कारकुनानं लिहिला, मास्तरांनी वाचला, तुझं नाव काढलं. मशीन परत मिळालं, त्याच्यावर इतकी धूळ आहे की त्यानंच चोरी केली असती तर बोटं उमटली असती.

आणि तुझ्या कंपनीच्या त्या बाईला फोन केला. सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, परवाच आम्ही दुसऱ्या मुलीला घेतलं. मी म्हटलं, तिला काढा. ती म्हणाली, आजी, असं कसं करता येईल? बरोबरच आहे तिचं. तरी मला तिचा राग आला. एवढी घाई कशाला करायची होती?

दातांच्या डॉक्टरीणबाई, सर, मुख्याध्यापक, तिघांच्या घरी जाऊन आले. त्यांचे पडदे मी माझ्या खर्चानं शिवून देते आहे. दुकानावर पाटी लावली: आम्ही फोनवर पैसे मागत नाही. लोक म्हणतात तिरकी लागली आहे. असू दे, तिरकी पाटी लोक जास्त वाचतात.

झालं ते असं. फोन टेबलावर राहिला, त्याला मी काय करणार. तेव्हा तू आता ये. किंवा नको येऊस, तुझी मर्जी.

आजी


१९ एप्रिल

भिंगरी,

तुझं पत्र आलं. एवढंसं. सूनबाईनं ते एकदाच वाचलं, आधी स्वतःशी न वाचता, सरळ मला.

तू लिहितेस: वाचन तू फेब्रुवारीत परत सुरू केलंस. जानेवारीत ते बंद होतं. मग जानेवारीत त्या तीन घरांची मापं टेबलावरच्या फोननं कुणाच्या तोंडून ऐकली? आणि मशीन वाचणारी मी एकटी होते म्हणून माझ्यावर आलं असेल, तर अंगठा देण्याआधी मला एकदा का विचारलं नाहीस? ओरडून नाही. विचारून.

खाली नावही नाही घातलंस.

आज मास्तर घरी गेले आहेत. हे पत्र कुणी मला वाचून दाखवणार नाही. सूनबाई जे लिहील ते लिहील, तिच्या मनात आलं तर एक ओळ जास्त लिहील. मला विचारू नकोस म्हणून सांगितलं आहे तिला.

जानेवारीतली मापं माझ्या तोंडून गेली.

तू वही मशीनमध्ये उतरवलीस तेव्हा सगळे खूश झाले. मास्तर खूश, कारण पाच वाजता घशाला कोरड पडायची ती वाचली. तुझी आई खूश. तू एक बटण दाबायचीस आणि म्हणायचीस, आजी, आता तुला काही लक्षात ठेवायला नको. पहिल्या दिवशी पाच वाजले तेव्हा मी माझ्या खुर्चीत येऊन बसले. मास्तर कापड झटकत होते. तू त्या काचेकडे बघत होतीस. कुणी काही वाचलं नाही. मी बसले, मग उठले, मग गुडघा दुखतो म्हणाले. तू वर न बघता म्हणालीस, गोळी घे. रोज असंच. मी दुकानातली एक खुर्ची झाले होते, भिंगरे. तीसुद्धा अडगळीतली.

आणि मग त्याचा फोन आला. एकदा बोलता बोलता मी म्हटलं, मला शिकता आलं नाही, पण माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या खिडक्या मला पाठ आहेत. तो म्हणाला, काय सांगता आजी, शक्यच नाही. मी म्हटलं, शक्य नाही? डॉक्टरीणबाईंची ऐक. पाच बाय चार. गच्चीचं दार सात फूट. निळं कापड, पांढरं अस्तर. तो म्हणाला, कमाल आहे, आणखी एक सांगा. मी आणखी एक सांगितली. फोन नंबरसुद्धा सांगितले, भिंगरे, तेही पाठ आहेत. त्यानं मागितले नाहीत. मीच म्हटलं, नंबर पण सांगू? महिनाभर रोज सांगत होते. त्या मागच्या अंगणात, कापडाच्या गठ्ठ्यांपाशी जाऊन सांगायचे, म्हणजे तुम्हाला ऐकू जाऊ नये. तुम्ही हसला असतात.

मला पैसे सांभाळता येतात याचा केवढा तोरा होता. खात्याचा आकडा मी सख्ख्या मुलालाही सांगितला नव्हता. आणि लोकांनी मला विश्वासानं आत घेतलं, त्यांची झोपायची खोली दाखवली, कोण घरी कधी नसतं ते सांगितलं, ते माझं नव्हतंच वाटायला. ते मी शाबासकीसाठी वाटून टाकलं. चोरानं मला फसवलं असं मी सगळ्यांना सांगत फिरले. त्यानं मला फक्त विचारलं होतं.

आता तुझं दुसरं. तुला का विचारलं नाही?

फोन आले, पडदे कुठे म्हणून लोक उभे राहिले, तेव्हाच मला ते मागचं अंगण आठवलं. कुठंतरी मला ठाऊक होतं, भिंगरे. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस की मशीनमधून काही गेलेलं नाही, दाखवून दिलं असतंस, आणि मग दुकानात ही मापं ठाऊक असलेलं दुसरं कोण, हे बघायला सगळे माझ्याकडे वळले असते. म्हणून मी आधी ओरडले. आणि खरं सांगायचं तर ओरडायला मला जड गेलं नाही. चोरी जानेवारीतली आहे. माझा तुझ्यावरचा राग नोव्हेंबरातला होता. तो मशीनवर काढता येत नव्हता, तुझ्यावर काढला.

सूनबाई रडते आहे पण लिहिते आहे. मी तिला म्हटलं, कागद भिजवू नकोस, मला दुसऱ्यांदा हे सांगता यायचं नाही.

मला राग अजून आहे. झोपताना त्या माणसाचा येतो, चहाच्या वेळी माझा येतो. आज सकाळी भाजीच्या बाजारात नुसतं कुणी गुडघा कसा आहे विचारलं तरी मी त्याच्या अंगावर गेले. बिचारा भाजीवाला होता. त्यानं आता मला आजी म्हणायचं सोडलं आहे.

पाकिटात आणखी एक कागद आहे. तो सूनबाईनं लिहिला, चौकीतल्या साहेबांनी बघून त्यावर शिक्का मारला, आणि मुख्याध्यापकांनी साक्षीला सही केली. त्यांचे पैसे बुडाले होते, म्हणून मुद्दाम त्यांचीच घेतली. त्यात लिहिलं आहे की या दुकानाच्या गिऱ्हाइकांची माहिती मालकिणीनं स्वतः बाहेर सांगितली, नातीवर खोटा आळ घेतला, खोट्या तक्रारीवर अंगठा दिला आणि कंपनीच्या फोनवर तिच्याविरुद्ध बोलली. नातीनं चार वर्षांत एकाही गिऱ्हाइकाचं एक माप बाहेर जाऊ दिलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, आजी, जरा सौम्य शब्द घालू या. मी म्हटलं, सर, आळ घेताना मी सौम्य नव्हते.

साहेबांनीही विचारलं, हा कागद परगावी कुणा कुणाच्या हातात जाईल, तुमच्या दुकानाचं नाव जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. किल्ल्या नाहीच देत कुणी.

दुसरीकडे नोकरी बघशील तेव्हा हा पुढे कर. त्याच्याबरोबर माझं हे पत्र दाखवायची गरज नाही, मला उत्तर लिहायची गरज नाही, इथं यायची तर नाहीच. तो वापरण्यासाठी तुला मला माफ करावं लागत नाही. मी तो तसाच करून घेतला आहे.

आजी